अण्णांना झोपवायचा कोर्स

संमोहनतज्ज्ञ व्हायचं तर आधी चांगला कोर्स निवडावा लागतो, आणि कोर्स चांगला आहे की नाही हे ओळखायला घरात एक न झोपणारा माणूस लागतो. तेवढ्या बाबतीत मी नशीबवान होतो. माझ्याकडे वडील होते.

मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीने मला पन्नाशीतच सन्मानाने (म्हणजे शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन) घरी बसवलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कधी नव्हे ते बोलायला लागलात की मला हमखास झोप येते. त्याचंच काही होत असेल तर बघा." तिने टोमणा मारला होता. मला त्यात व्यवसाय दिसला!

अण्णांना मात्र झोप येत नसे. ओटीवर बसून ते अंगणाकडे बघत राहायचे. "वय झालं," असं मी गावभर सांगायचो. खरं कारण मला ठाऊक होतं. ते पुढे येईलच, टाळता आलं असतं तर टाळलं असतं. ते माझ्याशी बोलतही नसत. "जेवन झालं का?" एवढं विचारायचे, तेही बहुतेक म्हशीला. तर बेत असा की प्रत्येक क्लासवाला एक प्रात्यक्षिक फुकट दाखवतो; तिथे अण्णांना न्यायचं. जो सर त्यांना झोपवेल त्याचा कोर्स करायचा आणि मग घरी रोज मीच त्यांना झोपवायचं. ते झोपले तर मलाही झोप लागली असती.

पहिला क्लास मोहोपाड्यात, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. सरांनी अण्णांच्या डोळ्यांपुढे साखळीला बांधलेला लोलक हलवायला सुरुवात केली. खालून जिलबीचा वास येत होता. जाग आली तेव्हा अण्णा मला गदागदा हलवत होते.

"ऊठ रं सुऱ्या! लाळ गळतीय."

सर माझ्याकडे कौतुकाने बघत होते. "पेशंट म्हणून तुम्ही उत्तम आहात," ते म्हणाले, "पण पुढचं कठीण वाटतं."

दुसरा कोर्स ऑनलाइन. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून अण्णांपुढे ठेवला. सर डोळे मिटून म्हणाले, "आता तुम्ही खोल, आणखी खोल..." आणि नेटवर्क गेलं! सर तसेच, तोंड उघडं, डोळे मिटलेले.

अण्णा वाकून बघू लागले. "ह्यो मेला की काय रं?"

"नेटवर्क गेलंय, अण्णा."

"तोंडात पानी घाल त्याच्या."

मागे बायको दाराला टेकून घोरत होती आणि दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं. म्हणजे दोन्ही कोर्स उत्तमच होते. फक्त अण्णांवर लागू पडत नव्हते.

राहिला तिसरा, निवासी. जेवणखाण तिथेच, प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का. पत्ता वाचला आणि मी जाहिरात उलटी ठेवली. बायकोने ती सुलटी केली.

"अहो, हे तर कडावच्या अलीकडचं फार्महाऊस. आपलं शेत."

"होतं," मी म्हणालो.

आता सांगतोच. ते शेत अण्णांनी विकलं नाही. ते मी विकायला लावलं. रस्ता येतोय, सरकार असंही घेणारच, म्हणून मी त्यांना पटवलं. रस्ता वगैरे काही येत नव्हता! कर्जतला एका गिऱ्हाइकाला मी आधीच शब्द देऊन बसलो होतो. आज तिथे कंपाउंडची भिंत आहे, हिरवळ आहे, पोहण्याचा तलाव आहे. रस्ता अजून यायचाय.

"तिथे नका नेऊ त्यांना," बायको म्हणाली.

"ओळखणार नाहीत. सगळं बदललंय."

तरी खबरदारी म्हणून मी त्यांना स्कूटरवर बसवून थेट न नेता कशेळ्याकडून फिरवून नेलं. (सत्तर वर्षं ज्या मातीत नांगर धरला, त्या मातीची दिशा चुकवायला मी त्यांना कशेळ्याचा बाजार दाखवत होतो!) फाटकाशी उतरल्यावर मात्र अण्णांनी चप्पल काढून हातात घेतली. शेतात शिरताना काढायचे तशी.

हिरवळीवर मांडव, मांडवात गाद्या, गाद्यांवर मुंबई-ठाण्याची मंडळी. पांढऱ्या झब्ब्यातले सर आले. त्यांनी अण्णांना आडवं केलं आणि मधाळ आवाजात सुरुवात केली, "शांत व्हा, बाबा. काळजी सोडा. मी आहे ना." मी मांडवाच्या दाराशी उभा होतो.

अण्णांनी डोळे मिटले.

"आता तुमच्या आवडत्या जागी जा."

"गेलो."

"इतक्या लवकर?" सरही दचकले. "कुठे आहात?"

"माज्या शेतात."

मंडळींत कुजबुज झाली. "काय दिसतंय?"

"तू हुबा हायस ना, तिथं इहीर व्हती. बुजवली."

सर नकळत दोन पावलं बाजूला सरकले. "आणि पलीकडे?"

"भात व्हता. आता त्यात मान्सं पवतात."

ठाण्याच्या एक बाई उठूनच बसल्या. "सर! हा पूर्वजन्म आहे का हो?"

"अर्थात!" सरांचा चेहरा उजळला. "बाबा, ही जमीन मागच्या जन्मी तुमची होती?"

अण्णांनी एक डोळा किलकिला करून दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं आणि परत मिटला. हा माणूस टक्क जागा होता! पण ते मला एकट्यालाच कळलं.

"हो," अण्णा म्हणाले. "मागल्या जन्मी माजी व्हती."

"मग काय झालं?"

"पोरगा व्हता एक. ओटीवर बसवलान मला. च्या दिला. आदी कदी बोलायचा नाय, त्या दिशी लई ग्वाड बोलला. म्हनला, अण्णा, शांत व्हा. काळजी सोडा. मी आहे ना. मी सही केली. जाग आली तवा भिंत हुबी व्हती."

बाई डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "किती नीच असेल नाही हो तो मुलगा?"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

सर गदगदले. "बाबा, त्याला क्षमा करा. झोप लागेल."

मी कान टवकारले. निदान मागच्या जन्मातल्या मुलाला तरी करतील!

"तो हितं हाय," अण्णा म्हणाले. "तवर डोळा लागायचा नाय."

"कुठे आहे?"

"दाराशी."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सरांनी हात उंचावला. "दाराशी नकारात्मक ऊर्जा आहे! साहेब, जरा बाहेर जाता का? वाट मोकळी करा."

मी बाहेर गेलो. फाटकाशी पोचतो न पोचतो तोच मागून घोरणं ऐकू आलं. लहानपणी मळणीच्या दिवसांत दुपारी खळ्यावरून यायचं तेच, ओळखीचं! त्यावर टाळ्यांचा कडकडाट.

आता दर बॅचला सरांचा फोन येतो. पूर्वजन्म आठवणारे बाबा म्हणून तिथे अण्णांना मान आहे. मी त्यांना थेट रस्त्याने नेतो. ते चप्पल काढून आत जातात, विहिरीच्या जागेवर आडवे होतात आणि ढाराढूर झोपतात. घरी आले की पुन्हा ओटी.

मध्यंतरी मी सरांना विचारलं, "माझ्या प्रवेशाचं काय?"

"तुम्हाला कोर्सची गरजच नाही," सर म्हणाले. "तुम्ही नुसते बाहेर गेलात तरी पेशंट झोपतो. फक्त आत येऊ नका."

तेव्हा सध्या माझी प्रॅक्टिस फाटकाबाहेर चालते. पेशंट एकच आहे, पण गुण हमखास!