अनंताची साल

मलकापूरच्या नाथाजी हवालदारांना एका गोष्टीचा भारी तोरा होता. थंडीतलं कळावं तर त्यांनाच. लडाखला बर्फानं त्यांच्या पायाची दोन बोटं नेली होती. डॉक्टरांनी रक्त दिसेपर्यंत कापलं, म्हणून पाय वाचला. पेन्शनीवर आल्यापासून ही कथा सांगून सांगून त्यांनी गल्लीला पाठ करून सोडली होती.

सत्त्याण्णव सालच्या पौषात कडाका असा पडला, की अंगणातल्या जुन्या अनंताचे शेंडे काळे पडले. नाथाजींचा जीव टांगणीला लागला. त्यांना फुलांचं वेड होतं अशातला भाग नाही. पण त्यांची बायको चंद्राबाई हळूहळू सगळं विसरत चालली होती. लेकीचं नाव गेलं, नवरा समोर उभा असला तरी परका. ओळख उरली होती ती एकट्या अनंताशी. रोज सकाळी ती त्याच्याशी बोलत बसायची, आणि तेवढा वेळ ती पहिली चंद्राबाई असायची.

नाथाजींनी पलटणीतला उपाय केला. उबेसाठी बुंध्याशी शेणखताचा ढीग लावला, वरून गोणपाट गुंडाळलं, रोज पाणी ओतलं. मेलेले शेंडे छाटले. नखानं साल खरवडून आत हिरवं दिसलं की म्हणायचे, "हाय, जीव हाय." चार दिवसांनी तीच फांदी आणखी खाली वाळलेली. पुन्हा छाटायचे. शेजारच्या कृष्णातची जास्वंदही करपली होती. तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, तरी फाल्गुनात ती बुडातून तरारून फुटली. अनंताला एक कोंब नाही.

शेवटी त्यांनी गोणपाट सोडलं, खत उपसलं. बुंध्याची साल काळी पडली होती. बोट लावताच भिजल्या कागदासारखी हातात आली. थंडी झाडाला वरून मारते. हे खालून कुजलं होतं. थंडीनं नुसते शेंडे नेले होते. झाड नाथाजींनी मारलं होतं, आपल्या हातानं, मायेनं. ते तिथंच खाली बसून रडू लागले.

चंद्राबाई नेहमीसारखी बाहेर आली. तिनं त्या काटक्यांकडे बघितलं, आणि तिची नजर तशीच पुढे कुंपणाकडे गेली. तिनं अनंताला ओळखलं नाही. मग तिला खाली बसलेला म्हातारा दिसला. त्याचं रडणं बघून तिला दया आली.

"आवं पाव्हणं, रडू नगासा," ती म्हणाली. "घरी जावा आता. तुमची बायकू वाट बगत आसंल."