तीनशे ड्रम

संजीव इस्लामपूरहून दूर दक्षिणेत इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आला तेव्हा त्याला वाटलं, तालमीत घाम गाळलेल्या माणसाला अकरा किलोचा ब्रेक ड्रम तो काय! एका पाळीत दोनशे चाळीस ड्रम मशीनवर चढवायचे. चौथ्या दिवशी डब्यातला घास तोंडाकडे नेता येईना. सगळी मिजास उतरली.

त्याला उभं केलं ते वेंकोबांनी. तंजावरी मराठी माणूस, पन्नाशी ओलांडलेला, त्याच्यासारखाच कंत्राटी. ते त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. पाठीने नको, मांड्यांनी उचल, हे त्यांनी शिकवलं. शिणलेलं अंग झोपेतच भरून येतं, तेव्हा रविवारी नुसता पडून राहा, हेही बजावलं. सहा महिन्यांत संजीवच्या तळहातांना घट्टे पडले, मांड्या भरल्या आणि तोच ड्रम हलका लागू लागला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात स्टॉपवॉच घेऊन इंजिनीअर आला. असा माणूस समोर उभा राहिला की हात सावकाश चालवायचे, नाहीतर पाळीचा आकडा वाढतो, हा सगळ्या लाइनचा ठरलेला रिवाज. वेंकोबांनी सकाळी आठवणही करून दिली होती. पण एकाला कायम करणार अशी कुजबुज होती, आणि कोणी बघायला उभं राहिलं की तालीमबाजाच्या अंगात येतं. संजीवने जीव तोडून ड्रम चढवले. इंजिनीअरने पाठ थोपटली आणि हा गडी दिवसभर त्या शाबासकीवरच खूश.

सोमवारी फळ्यावर आकडा लागला. पाळीला तीनशे, सगळ्यांना. ज्याला जमणार नाही त्याचा गेटपास बंद.

वेंकोबा तीन आठवडे झगडले. ज्या ओझ्याने संजीवचं अंग घडलं त्यानेच त्यांचा गुडघा नारळाएवढा सुजला. संजीव आपले झालेले पंधरा-वीस ड्रम चोरून त्यांच्या ट्रॉलीवर ठेवायचा. तरी आकडा कमीच पडायचा. महिनाअखेरीला पास गेला.

गेटवर संजीवला शरमेने मान वर करवेना. वेंकोबांनी त्याचा तळहात उलटा करून घट्टे चाचपले.

"तंबी, तुझं अंग शिकलं. माझं शिकणं सरलं," ते म्हणाले. "ऐतवारी मात्र निजून राहा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं संजीवला वाटलं.

कायम कोणीच झालं नाही. तीनशेचा आकडा लाइनला पेलेना म्हणून त्याच आठवड्यापासून रविवारची पाळी सक्तीची झाली. वेंकोबांच्या जागी नवा माणूस घेतला नाही. त्यांचे ड्रमही आता संजीवच उचलतो.