शालनअक्कांच्या हातचे पाणी

आमच्या बसवनगुडीच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या शालनअक्का मूळच्या निपाणीच्या. छत्तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातील एकाही डब्यावर चिठ्ठी नाही, तरीही त्यांना साखर पहिल्याच प्रयत्नात सापडते. कारखान्याच्या तपासणी विभागात आयुष्य घालवलेल्या मला हे आजवर उलगडलेले नाही. दर मंगळवारी त्या रेणुकेला नैवेद्य दाखवतात. अशा या बाईंनी एका ख्रिस्ती मुलीला बाप्तिस्मा दिलेला आहे.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. इंदिरानगरातील एका प्रसूतिगृहात आरोग्यम्मा नावाच्या बाईंना भर दुपारी, सातव्याच महिन्यात मुलगी झाली. वजन सव्वा किलो, ओठ निळे. डॉक्टरांनी आशा सोडली. पती फादरांना आणण्यासाठी धावला. परंतु फादर बोम्मसंद्र्याला एका कारखान्याच्या नव्या शेडला आशीर्वाद द्यायला गेले होते, आणि होसूर रस्त्यावरच्या वाहनांच्या कोंडीतून माणूस केव्हा परतेल हे सांगणे फादरांच्याही अधिकारातले नव्हते. बाप्तिस्म्याने जन्मजात पाप धुतले जाते आणि तारणाचे दार उघडते, अशी आरोग्यम्मांची श्रद्धा. त्यावाचून लेक गेली तर तिचे पुढे काय, या धास्तीने त्या खाटेवरून उठू पाहत होत्या.

"सिस्टर, तुम्हीच पाणी घाला," त्यांनी अक्कांचा हात धरला. "संकटात कुणीही घातलं तरी चालतं."

अक्कांना हे ठाऊक होते. शिकत असताना ननबाईंनी विधीचे शब्द पाठ करून घेतले होते. त्यांनी वाटीत पाणी घेतले, ते बाळाच्या कपाळावर तीनदा सोडले आणि म्हटले, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." नाव ठेवले कावेरी. त्या दिवशी नळाला बोअरवेलचे नव्हे तर कावेरीचे पाणी आले होते, याहून अधिक विचार त्यामागे नव्हता.

मुलगी जगली. नाव टिकले. दर नाताळला केक घेऊन येते आणि अक्कांना 'नीरम्मा' म्हणते. कन्नडमध्ये नीरु म्हणजे पाणी. यंदा तिचे लग्न ठरले, आणि चर्चच्या नोंदवहीत तिचा बाप्तिस्माच नाही असे आढळले. वडिलांना वाटले होते फादरांनी नोंद केली. जुन्या फादरांना वाटले होते इस्पितळाने कळवले. नवे फादर चौरप्पा म्हणाले, बाप्तिस्मा देणाऱ्या बाईंना साक्षीला आणा.

साक्ष लेखी असावी, या मताचा मी. अक्कांसाठी सात कलमांचे निवेदन लिहायला बसलो. पाचव्या कलमापाशी विचारले, "पाणी घालताना आपला हेतू काय होता?"

"पोर जगावी."

"तसे नव्हे. धार्मिक हेतू."

"मनात रेणुकेचा धावा चालला होता की, अण्णा. दुसरं काय सुचणार?"

मी लेखणी खाली ठेवली. "मग हे सदोष आहे, अक्का. आपण ख्रिस्ती नाही, अधिकारपत्र नाही, आणि हेतू भलत्याच देवतेकडे."

हे बोलायला नको होते. पुढले दोन दिवस खालच्या कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशी अक्का दारात उभ्या राहिल्या. "लग्नाचं सोडा. पुन्हा पाणी घालतील. पण सत्तावीस वर्षं ती पोर बाप्तिस्म्यावाचून फिरली, ती माझ्यामुळं? एवढ्या गाड्यांतून रस्ता ओलांडताना काही झालं असतं, म्हणजे?"

आम्ही चर्चच्या कार्यालयात गेलो. फादर चौरप्पा पस्तिशीचे, हसतमुख. माझे निवेदन त्यांनी आदराने घेतले आणि न वाचता त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

"पाणी साधंच होतं ना, अक्का?"

"नळाचं. स्वल्प कोमट केलेलं."

"शब्द?"

अक्कांनी ते न अडखळता म्हटले.

"आणि मनात काय होतं?"

अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि रेणुकेसकट सारे खरे सांगितले. "पण फादर, तिच्या आईला तुमच्या चर्चमध्ये जे करतात तेच हवं होतं. मी तेच केलं. अर्थ मला कुठं ठाऊक? पण नाटक नाही केलं."

"सरी, बरोबर आहे," फादर म्हणाले. "एवढंच लागतं. चर्च जे करतं ते करायचं, हाच हेतू. बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त. संकटात हात कुणाचेही चालतात."

मला राहवले नाही. "आणि पाण्याआधीच बाळ गेले असते तर?"

"बाप्तिस्म्याचं बंधन आम्हांला आहे, सर. देवाला नाही. आम्ही ते बाळ त्याच्या दयेवर सोपवलं असतं."

"मग तुम्ही आम्हां बायकांना एवढा घाम कशाला फोडता?" अक्का म्हणाल्या.

"दार उघडं आहे म्हणून कुणी बाळाला उंबऱ्याबाहेर ठेवतं का? बरं, कसं केलंत ते दाखवा. शब्द नकोत, नुसती कृती."

अक्कांनी बाळासाठी खोलीभर नजर फिरवली. ती माझ्या डोक्यावर स्थिरावली. केस त्या बाळाइतकेच. मी काही म्हणण्यापूर्वी त्यांनी सरावाने डाव्या हाताने माझी मान धरली, पेला उचलला, आणि पहिल्या धारेबरोबर सवयीने तोंडून आलेच, "पित्याच्या..."

"थांबा!" मी ओरडलो. "फादर, यांच्या हातचे लागू पडते, असे आपण आत्ताच म्हणालात!"

फादर हसून खुर्चीला टेकले. "घाबरू नका, सर. मोठ्या माणसाची स्वतःची इच्छा लागते. तिच्यावाचून ही नुसती अंघोळ."

"बघा अण्णा," अक्का पदराने माझे डोके पुसू लागल्या. "हेतू हेतू करत होता ना? त्यानंच वाचवलं."

निवेदन भिजले होते; पाचवे कलम तर वाचण्याजोगे राहिले नव्हते. फादरांनी नोंदवहीत एकच ओळ लिहिली. बाप्तिस्मा देणारी व्यक्ती: शालन, परिचारिका. अक्कांनी वेळही घालायला लावली, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. मग त्याखाली सही केली.

रस्त्यापलीकडे कावेरी स्कूटरला टेकून नखे खात उभी होती. "नीरम्मा, काय झालं?" असे ओरडत ती वाहनांमधून आमच्याकडे निघाली.

"झालं की! पक्की आहेस तू," अक्का ओरडल्या, आणि लगेच हात आडवा केला. "म्हणून काय झालं? दोन्हीकडं बघून ये!"