रंगी, रोही आणि बोलका भोंगा

मानोऱ्यात माझं ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं दुकान आहे. सोबत दोरखंड, घुंगरं आणि शेतातली जनावरं हाकलायचे भोंगे. माल संपतो, पण दुकानापुढच्या बाकावरच्या गोष्टी संपत नाहीत. पोतं घ्यायला आलेला माणूस एक गोष्ट ठेवूनच जातो! त्यातल्या निम्म्या इंझोरीच्या किसनकाकांच्या. आणि काकांच्या सगळ्या त्यांच्या रंगी कालवडीच्या.

*

काकांच्या हरभऱ्यात रोही शिरायचे. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं धूड, आणि हरभऱ्याचा भलता शौक! काकांनी बुजगावणं उभं केलं. अंगात स्वतःचा सदरा, डोक्यावर स्वतःची टोपी.

दोन दिवस रोही बांधापलीकडे थबकले. तिसऱ्या दिवशी रंगी दावं तोडून आली, आणि काकाच समजून बुजगावण्याला लाडानं चाटत बसली. ते पाहून सगळा कळप आत!

"शेठ," काका म्हणाले, "घरच्याच पोरीनं माही इज्जत घालवली!"

*

मग मी त्यांना भोंगा दिला. बॅटरीवर चालतो. आपला आवाज भरायचा, तो दिवसभर तेच ओरडतो. काकांनी दुकानातच बटण दाबलं आणि गरजले, "हाट्! हाट्!" नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक पायरी चढलं, आणि माझं तोंड सवयीनं सुटलं, "या, या! बसा! चहा घ्या!"

दुसऱ्या दिवशी काका हजर.

"शेठ, रोही आले ना!"

"अरे! मग?"

"बसले बी!"

"आणि?"

"चहाची वाट पाहून राह्यले!"

*

पुढं मात्र हसू आटलं. एका सकाळी रोही परत जंगलात गेले, आणि रंगीही त्यांच्यासोबत गेली. जंगलात बिबट्या फिरत असल्याची बातमी होती. रंगीची आई ती जन्मली तेव्हाच मेलेली. काकांच्या बायकोनं, गोदाकाकींनी, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. काकींचं जेवणावरून मन उडालं. पण रोज संध्याकाळी घमेल्यात ढेप भिजवायच्याच.

"भूक लागली का येईन रंगी," एवढंच म्हणायच्या.

*

काका शोधायला निघाले. झुडपाआड रंगीची घुंगरं वाजली. काका पावलं न वाजवता गेले, डोळे मिटले आणि गळ्याला मिठी मारली. "रंगे, माय माही!"

हाताला दाढी लागली. डोळे उघडले, तर भला दांडगा नर रोही!

दोघंही ओरडले. रोही एकीकडे पळाला, काका दुसरीकडे. रंगी मधे उभी. तिनं दोघांकडे नीट पाहिलं, आणि रोह्यामागे गेली.

मी विचारलं, "काका, तुमच्यामागं काहून नाही आली?"

"शेठ, तो माह्यापेक्षा चांगला पळत होता!"

*

शेवटी गोदाकाकी स्वतः भोंगा घेऊन काकांसोबत दुकानात आल्या. "शेठ, त्या भोंग्यात माहा आवाज भरून द्या."

या वेळी मी पंखा बंद केला. बाकावरच्यांना तोंडावर हात ठेवायला लावला. स्वतःच्या तोंडावर दोन्ही ठेवले. काकींनी भोंगा जवळ घेतला.

"रंगे, ये वं माय! ढेप भिजली! ये... ये... ये!"

तिसऱ्या 'ये'ला आवाज फाटला. बाकावर कोणी हसलं नाही. काकांनी भोंगा नेला आणि जंगलाकडे तोंड करून गोठ्यावर टांगला.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतो, तर काका पायरीवर उभे.

"आली?"

"आली! घमेलं चाटूनपुसून साफ! काकी बी जेवली."

मी आनंदानं चहा सांगितला. पण काका काही बसेनात.

"शेठ, चार पोते टाका गाडीत."

"चार? एकट्या रंगीला?"

काकांनी इकडंतिकडं पाहिलं, जवळ आले आणि हळूच म्हणाले,

"एक सांगा. रोही सरकीची ढेप खाते, का शेंगदाण्याची?"