जाईचा पाला

धोंडूबाईनं परसात जाईचा वेल लावला तो देवाच्या फुलांसाठी, असं निपाणीतली तिची सगळी गल्ली समजत होती. खरं कारण तिला एकटीलाच ठाऊक होतं.

चौदाव्या वर्षी ती या घरात आली. बाजूला बसायचे दिवस जवळ आले की तीन-चार दिवस आधीच जिभेच्या कडेला, ओठाच्या आत पांढरे फोड उठत. भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी येई. पाळी येऊन गेली की तोंड आपोआप निवळे. पारिसा पोटात होता तेव्हा नऊ महिने तोंड स्वच्छ होतं. पुढं तो अंगावरचं प्यायचा थांबला, पाळी परतली, फोडही परतले. दोन्हींचं मूळ एकच, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पण तोंडाचं दुखणं आणि ते दुसरं, दोन्ही एका दमात बोलायचं कुणापुढं? सासू म्हणे, "चोरून खाणारीच्या तोंडाला असं हुतंय." धोंडूबाई परसात जाई आणि जाईचा पाला चघळे. पंचेचाळिशीत पाळी गेली, फोड गेले.

पारिसाचं लग्न कोगनोळीच्या राजमतीशी झालं त्याला वर्ष होत आलं होतं. १९३४ चा चातुर्मास चालू होता. एके सकाळी धोंडूबाईला दिसलं, वेलाचा पाला हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत ओरबाडलेला आहे. सुनेचंही तसंच तोंड येतंय, हे ती समजली. समजूनही बोलली नाही.

त्या चातुर्मासात मुनिमहाराज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, उतरले होते. धोंडूबाईनं दुसऱ्या दिवशी त्यांच्या आहारासाठी चौका लावायचं, सोवळ्यात स्वयंपाक करायचं ठरवलं होतं. गल्लीतली मालुबाई गहू निवडू लागायला आली. राजमती कोपऱ्यात बसून नुसता दूधभात गिळत होती.

"सुनंचं तोंड आलंय वाटतं," मालुबाई म्हणाली. "धोंडूआक्का, तुझंबी येत हुतं की गं असंच! दर म्हैन्याला, आठवतंय न्हवं?"

धोंडूबाईनं चटकन ओसरीकडं बघितलं. तिशी उलटलेला बाहुबली, तिचा धाकटा दीर, ओसरीवर बसला होता. पारिसाही होता.

"माझं कशाला येतंय?" ती म्हणाली. "हिला तंबाखूची चटक लागलीया. आपल्या वखारीतनं चोरून आणती आन् गालात धरती."

राजमतीनं मान वर केली. तिला बोलायचं होतं, पण जीभ वळेना. तेवढ्या गप्प राहण्यानंच तिचा गुन्हा सिद्ध झाला.

"उद्या चौक्यात हिचा हात लागायचा न्हाय," बाहुबली म्हणाला. पारिसा भिंतीकडं बघत बोलला, "परवा कोगनोळीला सोडून येतो हिला. ऱ्हाऊ दे तिथंच."

धोंडूबाई एका शब्दात हे थांबवू शकली असती. तिनं गव्हातला खडा काढला आणि बाजूला टाकला.

सकाळी दारात रांगोळी होती. धोंडूबाई सोवळ्यात, हातात कलश आणि नारळ घेऊन उभी. शेजारी पारिसा, मागं बाहुबली. राजमती आत, दाराआड. महाराज आहाराच्या मुद्रेत उजवा हात खांद्याला लावून गल्लीतून आले आणि दारापुढं थबकले.

"स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु," धोंडूबाई म्हणाली. "अत्र तिष्ठ, तिष्ठ. मनशुद्धी..."

पुढचा शब्द वचनशुद्धी होता, आपलं बोलणं खरं असल्याची ग्वाही. गेली कितीतरी वर्षं तो तिनं न अडखळता म्हटला होता. आज तोंडात एकही फोड नव्हता, तरी जीभ उचलेना.

"आई, म्हण की," पारिसा कुजबुजला.

आवाहन पुरं झाल्याशिवाय मुनी आहार घेत नाहीत; महाराज शांतपणे पुढं चालू लागले. तीन घरं सोडून मालुबाईनंही चौका लावला होता; तिच्या दारात त्यांना पूर्ण शब्द मिळाले.

इकडं दारात बायका जमल्या. "काय झालं गं?" "इसरली काय?"

"पारिसा, तू आत जा," धोंडूबाई म्हणाली. तो हलला नाही. मग त्याच्यादेखत, दिराच्यादेखत, कलश हातात तसाच धरून ती बोलली, "तंबाखू न्हाय खात ती. बाजूला बसायच्या आधी तोंड येतंय तिचं. माझंबी येत हुतं. तीस वरसं. मी खोटं बोलले."

पारिसाची मान खाली गेली. बाहुबली चपला घालून निघून गेला. एक बाई पदराआड हसली.

दुपारपर्यंत राजमती खरोखरच बाजूला बसली, परसातल्या छपरात, तरटावर. धोंडूबाईनं वेलाच्या वरच्या फांदीवरून कोवळा पाला खुडला. सुनेला शिवायचं नव्हतं, म्हणून तिनं तो चार हात लांब जमिनीवर ठेवला.

"चघळ. आग कमी हुईल. कोगनोळीला कुठं जायचं न्हाय तुला."

राजमतीनं पाल्याकडं बघितलं, मग सासूकडं.

"आत्ती," ती जड जिभेनं म्हणाली, "ह्यो तंबाखू न्हाय न्हवं?"

धोंडूबाई विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. सुनेनं पाला उचलावा, एवढंच तिला हवं होतं. ऊन सरकत छपराशी आलं, पानं मऊ पडली, कडांना काळी पडत गेली. राजमतीनं हात पुढं केला नाही.