पेट्रोलची जाळी आणि माझा सोमवार

लग्न होऊन पुनावळ्याला आले तेव्हा मला सगळ्यात आधी बुचकळ्यात टाकले ते दारातल्या मोटारीने. घर मातीचे, अंगणात दोन म्हशी, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या, आणि गोठ्याला लागून काळी विलायती मोटार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, खडकीला एका गोऱ्या साहेबाकडे बरीच वर्षे ड्रायव्हर होते. देश सोडून जाताना साहेबाने जुनी गाडी त्यांनाच दिली. सोबत गाडीचे इंग्रजी पुस्तक आणि सुट्या भागांचा एक पत्र्याचा डबाही दिला. मामंजींना गाडी चालवता उत्तम येई, पण खोलता अजिबात येत नसे. ते काम साहेबाच्या वर्कशॉपचे होते, आणि साहेबाबरोबर वर्कशॉपही गेले.

मी मॅट्रिक झालेली, नगरकडची. त्या घरात इंग्रजी अक्षर ओळखणारी मी दुसरी. पहिले माझे यजमान, पण ते पिंपरीत नव्यानेच निघालेल्या कारखान्यात लागले होते आणि घरी असले तर झोपलेले असत.

लग्नाआधीच मी पुण्याच्या अध्यापिका विद्यालयात अर्ज केला होता. लग्नानंतर आठ महिन्यांनी मुलाखतीचे पत्र आले. सोमवारी सकाळी हजर राहायचे, आणि निवड झाली तर वर्षभर तिथल्याच बोर्डिंगात राहून शिकायचे. हे "आबांना विचार" म्हणाले. आता आबांना, म्हणजे मामंजींना, मी विचारणार कशी? आठ महिन्यांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सुनेने सासऱ्याशी बोलायचे नाही, असे मला कुणी सांगितले नव्हते. ते आपले आपण कळायचे. सगळे सासूबाईंमार्फत चाले. त्यांनी विचारले आणि मामंजींचे उत्तर आणले, "गाडी नीट झाली तर नेतो म्हंत्यात."

गाडी तर चाकणच्या वाटेवर तीनदा बंद पडली होती. मागे कांद्याची पोती, आणि मामंजी धूळ झटकत उभे. धक्का देऊन सुरू व्हायची, मैलभर जायची, परत खोकायची. एकट्या सुनेने आगगाडीने पुण्याला जायचे हा तर विषयच नव्हता, आणि ह्यांना नव्या नोकरीत रजा मिळत नव्हती. म्हणजे माझे पुढचे आयुष्य त्या खोकल्यावर अडकून बसले.

शनिवारी दुपारी सासूबाईंनी पुस्तक माझ्यापुढे टाकले. "ह्यात काय लिवलंय ते बघ म्हंत्यात."

मी बघितले आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला. मॅट्रिकच्या इंग्रजीत डॅफोडिलची फुले होती, पेट्रोलचा पंप नव्हता. शाळेची डिक्शनरी काढली. एक शब्द सापडला की त्याच्या अर्थात दुसरा अडायचा. शेवटी चित्रावरून एवढे उमगले, की पंपाखाली काचेची एक वाटी असते, तिच्यात पेट्रोलचा गाळ बसतो आणि वर बारीक जाळी असते. जाळी तुंबली की गाडीला पेट्रोल मिळत नाही. जाळी बदलायची, वाटीच्या काठाचा बुचाचा वॉशर बदलायचा. डब्यात मेणकागदात गुंडाळलेले दोन्ही नवे निघाले. मला अर्धी मुलाखत झाल्यासारखे वाटले.

मग सुरू झाला आमचा कारखाना. मामंजी अंगणात बॉनेट उघडून, सासूबाई उंबऱ्यावर, आणि मी पदर सावरून दाराआड. मी पुस्तकातले एक वाक्य हळू आवाजात सासूबाईंना सांगायचे, त्या ते मोठ्याने मामंजींना सांगायच्या. मधल्या वाटेत वाक्याचे काय व्हायचे ते देवाला ठाऊक. मी म्हटले, "नळी आधी बंद करा म्हणावं." त्या म्हणाल्या, "अवो, ती तोटी बंद करा, न्हाईतर समदं अंगावर येईल." मी म्हटले, "वाटी पुसायला चिंधी वापरू नका, धागे अडकतात." त्या म्हणाल्या, "राखंनं घासू का?" हे मात्र त्यांचे स्वतःचे. मामंजी वैतागून म्हणाले, "भांडं न्हाई त्ये."

पुढे लिहिले होते की जुना वॉशर खोबणीत घट्ट चिकटतो, चटकन दिसत नाही, तो चाकूच्या टोकाने काढल्याशिवाय नवा बसवू नये. मी हे दोनदा सांगितले. सासूबाईंनी मान हलवली. बाहेर मामंजींनी विचारले, "आन म्होरं?"

"नवी जाळी बसवा. मंग नवा वॉशर," सासूबाई म्हणाल्या.

मी दाराआड गोंधळून उभी. चाकूचे कुठे गेले? मी पान उलटत असताना त्या बोलून गेल्या की काय? की मामंजींना ते आधीच माहीत होते? परत सांगावे, तर सासूबाईंना चूक दाखवल्यासारखे होते. न सांगावे, तर सोमवार. इकडे आड, तिकडे विहीर. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा मला अजून राग येतो.

मामंजींनी दोन्ही बसवून तोटी उघडली. वाटीच्या कडेने पेट्रोल थेंबथेंब गळू लागले. त्यांनी बोटांनी आवळले, तरी गळतच होते. मग त्यांनी पक्कड घेतली. पुस्तकात ठळक अक्षरांत होते, फक्त बोटांनी आवळा, काच तडकते. तशी वाटी साऱ्या पुण्यात मिळाली नसती. पक्कड फिरली तशी मी पदरबिदर विसरून अंगणात आले.

"मामंजी, थांबा. आत जुना वॉशर आहे."

पक्कड थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते सासूबाईंकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "काय म्हंती ती?"

मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. सासूबाईंनी खालच्या आवाजात सांगितले, "आत जुना हाय म्हंती." तेव्हा कुठे त्यांनी वाटी उतरवली, चाकूने काळा पडलेला वॉशर खरवडून काढला, नवा बसवला, बोटांनी आवळला. गळती थांबली. गाडी नदीपर्यंत जाऊन परत आली, न खोकता. उतरल्यावर ते म्हणाले, "सोमवारी उजाडताच निघायचं म्हनावं." हे सासूबाईंना. मी तिथेच होते. ते रागावले होते की खूश होते, मला कळले नाही, आणि पुढे कधीही कळले नाही.

रविवारभर सासूबाई माझ्याशी कामापुरते बोलल्या. मला वाटले, मामंजींसमोर आपण त्यांचा अपमान केला. आठ महिने चुलीपाशी आम्ही दोघीच असायचो. त्यांच्या दोन्ही मुली लांब दिलेल्या. माझ्या माहेरच्या गोष्टी त्या पुन्हापुन्हा विचारायच्या, आणि मीही तिखटमीठ लावून सांगायचे. आता हे सगळे एका वॉशरपायी गेले, म्हणून मी रडकुंडीला आले.

सोमवारी त्यांनीच माझी वेणी घातली. भाकरी बांधून दिल्या, वर लसणाची चटणी. मी सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हटले, "आत्याबाई, परवा मी मध्ये बोलले. तुम्ही गडबडीत विसरला असाल, मी पुन्हा तुम्हालाच सांगायला हवं होतं."

त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला. तो नीटच होता.

"इसरले न्हवते मी," त्या म्हणाल्या. "चाकूचं समदं ध्यानात व्हतं. वरीसभर ह्या घरात मी कुनाशी बोलू, एवढंच मनात आलं बघ."

त्या घरात मी सगळ्यात जास्त बोलले ते ह्याच बाईशी. बाहेर गाडी हँडलच्या पहिल्याच फेरीत सुरू झाली होती.