तात्यासोंच्या गोगलगायी

तात्यासोंना एका जागी बसणं ठाऊक नाही. शाहूपुरीत त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक घागर बघत असलं तरी हे उठणार, घागरीवर टिचकी मारून नाद ऐकवणार, बसणार, परत उठणार. असल्या माणसाच्या पदरात नशिबानं काय घातलं, तर गोगलगायी!

त्याही भांडून आणलेल्या. शेजारचा शोभेचे मासे विकणारा, पाणवनस्पतींबरोबर फुकट आलेल्या वाटाण्याएवढ्या गोगलगायी गटारीत ओतत होता. तात्यासो दुकान उघडं टाकून धावले.

"अरं, जीव हाय त्यो! कचरा वाटला व्हय तुला?"

"एवढा कळवळा असंल तर न्या की घरला!"

तात्यासोंना असं कुणी डिवचलं की संपलंच. जैनाचं घर, पाणी गाळल्याशिवाय चूल पेटत नाही. त्याच संध्याकाळी त्या घरात काचेची पेटी आली.

पाहुणचारात कसूर नको म्हणून घरची माणसं पितात तेच पाणी गोगलगायींना घातलं. फडक्यातनं गाळलेलं, रात्रभर तांब्याच्या घागरीत ठेवलेलं. आणि गोगलगायी मरायला लागल्या. शंखात अंग ओढून तळाला पडायच्या, त्या पडायच्याच. तात्यासो भरल्या ताटावरनं उठून पेटीपाशी जायचे. गटारीत एखादी जगली तरी असती. घरात आणून आपणच मारतोय, हे पाप कुणाच्या माथ्यावर? मग ते पाणी बदलायचे. सकाळी बदलायचे, दुकानातनं जेवायला आले की परत बदलायचे. जीव जेवढा वरखाली, तेवढं घागरीतलं पाणी जास्त.

"मामा, जरा दम खावा की," सून त्रिशला म्हणायची. "सारखं ढवळल्यावर माणूस बी मरंल."

"तू गप."

अशात कुरुंदवाडला भाचीचं लग्न निघालं. जाताना त्यांनी त्रिशलाला पायरीपायरीवर बजावलं, पाणी दिवसातनं दोनदा बदलायचं, आणि घागरीतलंच घालायचं. लग्नातही चित्त थाऱ्यावर नव्हतं. परत आले ते चपला न काढता थेट पेटीपाशी. पेटी रिकामी!

"पातेल्यात हायत्या!" त्रिशला आतनं ओरडली.

स्टीलच्या पातेल्यात उरलेल्या गोगलगायी कडेनं वर चढत होत्या. एक तर दोडक्याच्या सालीवर ताव मारत होती.

"काय केलंस?"

"घागर उचलंना मला. पेटी बी जड, म्हणून ह्यास्नी पातेल्यात घेतलं आणि बादलीत भरून ठिवलेलं पाणी घातलं. ह्या हलाय लागल्या, तवा मोबाईलवर बघितलं. माणसाला चालतं, पर तांबं गोगलगायीला विष हाय म्हणं."

तात्यासोंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "बाप-आजा तांबं विकत आला! ह्या घरात तांब्याला विष म्हणतीस?"

"मी कुठं म्हणतोय? त्या म्हणत्यात." तिनं पातेल्याकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी शिवाजी पेठेतले जुने दोस्त हंबीरराव दुकानात चहाला आले. सगळं ऐकून मांडीवर थाप मारून हसले. "एवढं काय डोकं लावतोयस? एक टाक घागरीत. मेली तर सून खरी, जगली तर तू खरा. निकाल!"

तात्यासोंना ते पटलं. जेवायला म्हणून घरी आले, पातेल्यातनं एक गोगलगाय उचलली आणि घागरीपाशी जाऊन उभे राहिले. तळहातावर तिनं अंग बाहेर काढलं, इवलीशी शिंगं ताणली आणि अंगठ्याकडं निघाली. तात्यासोंचा हात घागरीच्या तोंडावर थांबला. आपलं खरं करायचं, तर हिला आत सोडायला पाहिजे. आणि सून खरी निघाली तर?

त्यांनी हात मागं घेतला. मग गोगलगाय पातेल्यात सोडली.

"त्रिशला," ते घसा खाकरून म्हणाले, "बादली कुठली म्हणालीस?"

"न्हाणीतली निळी. आणि मामा, आता पाणी आठवड्यातनं एकदा बदलायचं. तेबी थोडंच."

"बरं बरं." पेटी धुवायला घेऊन ते दारापर्यंत गेले आणि वळले. "उद्या जरा बदललं तर?"